इतर, ३४८ जीबी

“व्हिडिओ, शून्य,” निरीक्षक साहेब म्हणाले आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“थांबा साहेब,” मी म्हणालो. “काय लिवलालाव?”

“जे दिसतंय ते. कॉम्प्युटर तपासला, चित्रीकरण आढळलं नाही.”

गोदामाच्या त्या ऑफिसात आम्ही पाच जण होतो. कामगार खात्याचे निरीक्षक टेबलाशी खुर्चीवर. कॉम्प्युटरपुढं तबस्सुम मॅडम, गोदामाच्या ऑपरेटर. त्यांच्या पाठीमागं हाताची घडी घालून मॅनेजर बिराजदार. आणि दाराशी, चपला बाहेर काढून, मी आणि गोरोबाची बायको पारूबाई. भर दुपार होती. पंखा फिरत होता, पण त्याचा वारा टेबलापुरताच होता.

अकरा महिन्यांपूर्वी याच गोदामात सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी कोसळून गोरोबा मेला होता. उदगीरच्या मोंढ्यातला चाळीस वर्षांचा हमाल, माझ्या टोळीतला. मी टोळीचा मुकादम. मॅनेजरनं खात्याला लिहून दिलं होतं की गोरोबा त्या दिवशी कामावर नव्हताच. दारू पिऊन आला, थप्पीमागं सावलीला झोपला आणि स्वतःच्या करणीनं मेला.

हजेरीच्या वहीत त्याचं नाव नव्हतं, हे खरं. कुणाचंच नसतं. वहीत लिहितात ‘लिंबाजी मुकादम व इतर’ आणि पुढं आकडा. आम्ही आठ जण होतो, म्हणजे ‘व इतर सात’ असायला हवं होतं. त्या तारखेला सहा लिहिलं होतं. एक माणूस कमी करायला मॅनेजरला नाव खोडावं लागलं नाही, एक आकडा लिहावा लागला. ते पान मी बघितलं तेव्हापासून माझ्या अंगाची आग होत होती.

पारूबाईला भरपाई मिळणं न मिळणं त्या एका गोष्टीवर होतं, पण ती भरपाईचं नाव काढत नसे. तिची पोरगी नळेगावला दिली होती. तिथं सासू तिला येता-जाता म्हणायची, “बाप पिऊन पोत्याखाली मेला, लेकीचं काय घेऊन बसलाव.” गोरोबानं उभ्या जन्मात थेंब घेतला नव्हता. माळकरी होता. पारूबाईला कागद हवा होता, सरकारी शिक्क्याचा, गोरोबा कामावर मेला असं सांगणारा.

साक्षीदार मी एकटा. टोळीतल्या बाकी सहा जणांनी माझ्या जबाबाखाली अंगठा द्यायला नकार दिला होता. मी त्यांना मोंढ्यात, लोकांसमोर, आईबहिणीवरून बोललो होतो. मॅनेजरनं विकत घेतलंय तुम्हाला, म्हणालो होतो. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि दुसऱ्या मुकादमाकडं कामाला लागले.

उरला होता गोदामातला कॅमेरा. एक दारावर, एक आत. रडून डोळे पुसण्याचे दिवस संपले होते, म्हणून मी संघटनेकडून अर्ज लिहवला, खात्याच्या पायऱ्या झिजवल्या आणि निरीक्षकांना इथवर आणलं. आणि आता ते एका ओळीत सगळं मिटवायला निघाले होते.

“साहेब, मी बघू का?” मी विचारलं.

बिराजदार हसला. “काय बघतोस लिंबाजी? ते पोतं नाही, खांद्यावर घेऊन बघायला.”

“मला वाचता येतं.”

“येतं का? कधीपासून?”

पन्नाशीनंतर शिकलो होतो मी. हमाल संघटनेच्या पत्र्याच्या खोलीत, जेवणाच्या सुट्टीत, भाकरी खाऊन पाटीवर. पोत्यावरची अक्षरं आधी शिकलो, मग पेपरातली. माझं वाचन हळू होतं, आजही हळूच आहे. पण हळू वाचणारा माणूस ओळ गाळत नाही.

निरीक्षकांनी मान डोलावली. मी टेबलाजवळ गेलो. मॅडमनी कॉम्प्युटर मराठीत लावला होता, नाहीतर मी तिथंच मेलो असतो. पडद्यावर एक लांब पट्टी होती, बहुतेक भरलेली, आणि खाली ओळी. मी बोट ठेवून वाचल्या.

“सिस्टिम आणि ॲप्स, अठ्ठावन्न. दस्तऐवज, चार. चित्रे, नऊ. व्हिडिओ, शून्य. इतर, तीनशे अठ्ठेचाळीस.” मी थांबलो. “मॅडम, हे जीबी म्हणजे काय?”

“जागा मोजायचं माप, मामा. जसं तुमचं क्विंटल.”

“आणि वर लिहिलंय वापरलेलं चारशे एकोणीस. म्हणजे हे गोदाम जवळजवळ भरलंय.”

“हो.”

“आणि त्यातलं तीनशे अठ्ठेचाळीस इतर?”

“हो.”

“इतर म्हणजे काय?”

मॅडमनी वळून मॅनेजरकडं बघितलं. बिराजदारच बोलला, “काही नाही ते. मशीनचा कचरा असतो, आपोआप साठतो. साहेब, तुम्ही लिहा, मला तीन वाजता गाडी उतरवून घ्यायची आहे.”

माझ्या मस्तकात तिडीक गेली. “आपोआप?” मी म्हणालो. “चाळीस वर्षं गोदामं भरलालो मी मॅनेजर. आपोआप एक चिमणीसुद्धा आत येत नाही. दहा पोत्यांतली आठ पोती जिथं ‘इतर’ आहेत, तिथं मुनीम म्हणेल का कचरा आहे? पोतं फोडून बघेल का नाही?”

“आवाज खाली.”

“नाही खाली होत. फोडून दाखवा.”

“लिंबाजी,” निरीक्षक म्हणाले, “नीट बोला.” पण पेन त्यांनी टेबलावर ठेवलं होतं. ते मॅडमकडं वळले. “काय असतं हो या इतरमध्ये?”

तबस्सुम मॅडम तिशीच्या असतील. त्यांच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान होतं आणि घर त्यांच्या पगारावर चालत होतं, हे मला माहीत होतं. त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. मग सावकाश बोलायला लागल्या, साहेबांशी नाही, माझ्याशी.

“मामा, कॉम्प्युटर फाइलच्या आत बघत नाही. प्रत्येक फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं. ठिपका आणि पुढं तीन-चार अक्षरं. काही शेपट्या फोटोच्या, काही व्हिडिओच्या, काही पत्रांच्या. तो शेपूट बघतो आणि त्या त्या खात्यात टाकतो. ओळखीचं शेपूट नसलं की इतर.”

“आणि आत काय आहे ते?”

“ते त्याला माहीत नसतं.”

“माहीत नसून शून्य म्हणतो?”

“शून्य म्हणजे व्हिडिओ नाही असं त्याचं म्हणणंच नाही, मामा. माझ्या ओळखीच्या शेपटीचा एकही नाही, एवढंच तो म्हणतोय. आपण उलटं वाचतो.”

“मग जागासुद्धा अशीच अंदाजपंचे सांगतो का?”

“नाही. जागा बरोबर सांगतो. काय आहे ते कळलं नाही तरी किती आहे ते चुकत नाही.”

हे मला एकदम पटलं. डोळे बांधून खांद्यावर पोतं द्या, तूर आहे का हरभरा ते मी सांगणार नाही, पण पोतं आहे आणि किती किलोचं आहे ते सांगेन.

“उघडा मग ते इतर,” मी म्हणालो.

“मॅडम,” बिराजदार म्हणाला. नुसतंच मॅडम. पण त्या एका शब्दात काय होतं ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं.

मॅडमचा हात माउसवरून उचलला गेला. मी बघत होतो. पारूबाई दाराशी उभी होती, ती तेव्हा पहिल्यांदा बोलली.

“बाई,” ती म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही. तुमची रोजीरोटी आहे. पण त्यात नसलं तर नाही म्हणून बघूनच सांगा. न बघता सांगू नका.”

मॅडमनी निरीक्षकांना विचारलं, “साहेब, उघडू?”

“उघडा.”

“तुम्ही सांगितलं म्हणून उघडतेय. तसं लिहा कागदावर.”

निरीक्षकांनी तसं लिहिलं. मॅडमनी मोठ्या फाइली वर आणि लहान खाली अशी यादी लावली. पडदा भरून नावं आली. नावं कसली, नुसते इंग्रजी आकडे, आणि शेवटी सगळ्यांना एकच शेपूट. मला इंग्रजी आकडे तेवढे येत होते. आकाराच्या रकान्यावरून मी नजर खाली नेली आणि पडद्यावर बोट टेकवलं.

“साहेब, हे बघा. एक, एक, एक, एक. सगळी एका वजनाची.”

“मग?”

“कचरा एका वजनाचा असतो का? कचऱ्याचं एक बोचकं मोठं, एक लहान. एकसारखी पोती भरतात ती एकाच मालाची आणि एकाच मापानं. कुणीतरी मापून भरलेला माल आहे हा.”

निरीक्षक पुढं वाकले. “किती आहेत मॅडम?”

“तीनशे छत्तीस.”

साहेबांनी कागदाच्या कोपऱ्यावर हिशोब केला. “चोवीस तास, सात दिवस, एकशे अडुसष्ट. दोन कॅमेरे.” त्यांनी मान वर केली. “तीनशे छत्तीस तास. तासाला एक फाइल. बिराजदार, हे कोणत्या आठवड्याचं चित्रीकरण आहे?”

बिराजदारच्या कपाळावर घाम होता, पंखा त्याच्याच डोक्यावर असून. “कॅमेरावाल्यानं कॉपी करून ठेवलं होतं साहेब, अपघात झाल्यावर. पण मी बघितलं होतं उघडून. उघडतच नाही. खराब आहेत सगळ्या. आईशप्पथ सांगतो.”

“उघडत नाही म्हणून नाही?” मी ओरडलो. “दाराला कुलूप आहे म्हणून घरात माणूस नाही?”

“कॅमेऱ्याच्या कंपनीचा वेगळा प्रोग्राम लागतो,” तबस्सुम मॅडम म्हणाल्या. “त्याशिवाय नाही उघडत.”

“तो आपल्याकडं नाही,” बिराजदार घाईनं म्हणाला.

मॅडमनी ड्रॉवर ओढला. बिलांच्या खालून एक सीडी काढली, कागदी पाकिटातली, पाकीट पिवळं पडलेलं. “कॅमेऱ्यांबरोबर आली होती,” त्या म्हणाल्या. “मला कुणी विचारलं नव्हतं.”

पंधरा-वीस मिनिटं लागली. मी उभाच होतो. माझा राग आता आनंदासारखा झाला होता, मॅनेजरच्या तोंडावर काय काय बोलायचं ते मी मनात रचत होतो. सुनावणीसाठी दिलेला जबाब मला तोंडपाठ होता. मोंढ्यात एक रीत आहे. मुकादमानं पोतं ओढायचा आकडा हातातून जमिनीवर टाकला की टोळी थांबते. मालक असो नाहीतर मालकाचा बाप, मुकादम आकडा परत उचलेपर्यंत कुणी पोत्याला हात लावत नाही. माझ्या जबाबात तेच होतं. प्लास्टिकची पोती होती, तागाच्या बारदानासारखी एकमेकांना धरून राहत नाहीत, घसरतात. चौदा थर झाले होते. मॅनेजर म्हणाला, आणखी चार चढवा. मी नाही म्हणालो, आकडा टाकला. मॅनेजरनं गोरोबाला दमदाटी करून वर पाठवलं. हे मी संघटनेत सांगितलं होतं, वकिलाला सांगितलं होतं, पारूबाईच्या घरी दर आठ-पंधरा दिवसांनी बसून सांगितलं होतं.

“सोळा ऑक्टोबर, अकरा वाजल्यापासून,” मॅडम म्हणाल्या. “आतला कॅमेरा.”

चित्र लागलं. आवाज नव्हता. वरून घेतलेलं होतं, माणसं बुटकी दिसत होती. आठ माणसं. मॅडमनी मोजून दाखवली आणि निरीक्षकांनी लिहिलं, आठ. गोरोबा पाठीवर पोतं घेऊन चालत आला, सरळ, पाय जरासुद्धा न अडखळता. पारूबाईनं पदर तोंडाला लावला.

“हाच ना?” निरीक्षकांनी विचारलं.

“हेच,” ती म्हणाली. “हे बघा, चाललेत की नीट. चाललेत की हो.”

बिराजदार भिंतीकडं बघत होता. मी म्हणालो, “काय मॅनेजर? झोपलाय का हा? कुठं झोपलाय दाखवा की!”

“गप्प बसा,” निरीक्षक म्हणाले. “पुढं जाऊ द्या.”

अकरा वीसला मॅनेजर चित्रात आला. हात वर करून त्यानं चार बोटं दाखवली. त्याच्यासमोर डोक्याला लाल पंचा बांधलेला एक माणूस उभा होता. त्या माणसानं थप्पीकडं बघितलंसुद्धा नाही. मान डोलावली. मॅनेजर काहीतरी बोलला, तेव्हा तो हसला. आणि मॅनेजर निघून गेला. चित्राच्या बाहेर गेला.

मग गोरोबा आला. त्यानं पाठीवरचं पोतं खाली ठेवलं. थप्पीच्या कोपऱ्याकडं हात केला, पोतं बाहेर आलं होतं तिथं. तळहात तिरका करून दाखवला, अशी कललीय म्हणून. टोळीतले बाकीचे थांबले, बघायला लागले. एकानं मान हलवली. लाल पंच्यावाल्यानं गोरोबाचा दंड धरला, त्याला वळवला आणि पाठीत हात देऊन थप्पीवर चढायच्या फळीकडं ढकलला. दुसऱ्या हातात आकडा होता. तो हातातच राहिला.

गोरोबानं पोतं परत पाठीवर घेतलं. फळीवरून वर गेला. पुढचं मला सांगवत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

पंख्याचा आवाज येत होता. निरीक्षकांनी चित्र मागं घ्यायला सांगितलं, पुन्हा बघितलं आणि विचारलं, “ढकलणारा हा कोण? लाल पंचा?”

मॅनेजरनं मला ओळखलं होतं, त्याचे डोळे एकदम जिवंत झाले होते. मॅडम खाली बघत होत्या. पारूबाईनं मला अकरा महिने त्याच लाल पंच्यात बघितलं होतं. ती पडद्याकडंच बघत राहिली. तिनंही नाव घेतलं नाही.

मी खोटं बोललो होतो का? बोललो होतो. पण कधी बोललो ते मला आठवत नाही. पहिल्या दिवशी, गोरोबाला पोत्यांखालून काढल्यावर, कुणीतरी विचारलं, मुकादम, तुम्ही आकडा टाकला नाही का? आणि मी म्हणालो, टाकला की. तिथून पुढं प्रत्येक वेळी सांगताना मला जमिनीवर पडलेला आकडा दिसायचा. त्याचा खण् असा आवाज यायचा. सहा जणांनी अंगठा दिला नाही, कारण त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता. आणि त्यांनी मॅनेजरला माझं नावही सांगितलं नाही, मी भर बाजारात शिव्या घालत असताना.

“मी,” मी म्हणालो. “तो मी आहे.”

“लिहा साहेब, लिहा!” बिराजदार पुढं आला. “मुकादमानं ढकलला. माझा काही संबंध नाही. मी तर तिथं नव्हतोच, दिसतंय की!”

“चार बोटं तुमची आहेत,” निरीक्षक म्हणाले. “आणि माणूस कामावर नव्हता हेही तुम्हीच लिहून दिलंय, तुमच्या सहीनं. बसा.” मग माझ्याकडं कागद सरकवला. “तुमचा पहिला जबाब रद्द करून दुसरा द्यावा लागेल. मी लिहून घेऊ?”

“नको. मी लिहितो.”

अर्धा तास लागला मला. ‘ढकलला’ हा शब्द मी आधी कधी लिहिला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा पारूबाई माझ्यापुढं दहा पावलं चालत होती. रोज ती मला लिंबाजीभाऊ म्हणायची. फाट्यावर ती थांबली. मला वाटलं, आता शिव्या घालेल, चप्पल काढेल. मी उभा राहिलो, मार खायला तयार होऊन. तिचा आवाज चढला नाही, पण त्यात असा राग मी पुन्हा कधी ऐकला नाही.

“अकरा महिने माझ्या घरी येऊन चहा पिलाव, मुकादम.”

मी डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला.

“ते कोपरा दाखवत होते तुम्हाला. हात करून दाखवत होते.”

“हो.”

“सुनावणीला या. हेच सांगा तिथं, सगळ्यांपुढं. पोरीच्या सासूला घेऊन येते मी, तिनं ऐकलं पाहिजे. शुद्धीत होते आणि थप्पी कललेली बघणारे तेच एकटे होते.”

“सांगतो.”

“आणि मग माझ्या दारात येऊ नका.”

सुनावणीला ते सहाही जण आपणहून आले. नळेगावची सासू पुढच्या बाकावर होती. मी उभा राहून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. निकालात लिहिलं, गोरोबा कामावर असताना मेला. मॅनेजरला घरी बसवलं. टोळीनं माझं मुकादमपण काढून घेतलं, मी पुढची सहा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली पोती वाहिली.

आता सत्तरी उलटली. पारूबाई त्याच गल्लीत राहते. मोंढ्यातून घरी जायला तिच्या दारावरूनचा रस्ता जवळचा आहे. मी मशिदीकडून वळसा घालून जातो.